म्हादईकाठचे रान आणि राण्यांचे बंड : गावातली माहितीवाट कशी आखावी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या मंडळाला, वाचनालयाला किंवा शाळेला आपल्या नदीकाठी तीन-साडेतीन किलोमीटरांची एक वाट आखायची असेल, तिच्यावर पाच-सात थांबे ठरवायचे असतील आणि तिथे पाहुण्यांना (त्याआधी गावच्याच मुलांना) जंगल आणि राण्यांचे बंड (राणे घराण्याचे पोर्तुगीजांविरुद्धचे उठाव) दोन्ही दाखवायचे असेल, तर काय करावे लागते ते इथे क्रमाने दिले आहे. कामाला एक पावसाळा आणि एक हिवाळा द्या. घाईने चार फलक ठोकून उद्घाटन उरकले की दुसऱ्या वर्षी फलकही राहत नाहीत आणि वाटही राहत नाही.

दोन्ही विषय एकाच वाटेवर घ्या, असा आमचा आग्रह आहे. पक्ष्यांची वाट वेगळी आणि इतिहासाची वेगळी केली तर दोन्ही अर्धवट राहतात. बंड वर्षानुवर्षे टिकले ते घाटाच्या उतरणीमुळे, दाट झाडीमुळे, पावसाळ्यात ओलांडता न येणाऱ्या नदीमुळे आणि माथ्यापलीकडे दुसऱ्याची हद्द होती म्हणून. आज गवा, बिबट्या आणि धनेश इथे टिकून आहेत तेही त्याच उतरणीच्या, झाडीच्या आणि पाण्याच्या आधाराने. म्हणून ‘इथे अमुक घडले’ एवढेच लिहिलेला फलक पुरेसा नाही. ते इथेच का घडले, हे समोरच्या जमिनीकडे बोट करून सांगता आले पाहिजे. असे बोट करता येत नसेल ती जागा थांबा म्हणून घेऊ नका.

याचे एक उदाहरण बघा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये लॅकलन नदीकाठी फोर्ब्स नावाचे गाव आहे. १८६१ मध्ये तिथे सोने सापडले आणि पाठोपाठ घोड्यावरचे दरोडेखोर आले. १५ जून १८६२ रोजी फ्रँक गार्डिनरच्या टोळीने युगावराजवळ सोन्याचा सरकारी गाडा लुटला. त्या टोळीतला बेन हॉल ५ मे १८६५ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी मेला आणि त्याची कबर फोर्ब्सच्याच स्मशानात आहे. गावाबाहेर गम स्वॉम्प नावाची पाणथळ आहे आणि तिथे पक्षी पाहायला आडोसा बांधलेला आहे. शिकण्यासारखे आहे ते युगावराच्या खडकांजवळ. तिथे उभे राहिले की कळते, खडकांमागे लपायला जागा होती आणि बैलगाड्या आडव्या लावून रस्ता अडवता येत होता. व्याख्यान लागत नाही, जागाच सांगते. आपल्याला नाणूसला (इथला किल्ला घेऊन बंड सुरू झाले) आणि म्हादईच्या वळणांवर हेच साधायचे आहे.

आधी इतिहास पक्का करा

सुरुवात एका वहीने करा. प्रत्येक पानावर तीन उभे रकाने आखा : कागदात असलेले, लोक सांगतात ते, आणि जमिनीवर दिसते ते. कुठलेही वाक्य आधी या तिन्हींपैकी एका रकान्यात बसवा आणि मगच फलकावर न्या. ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटते, पण पुढचे निम्मे वाद ती आधीच मिटवते.

कागदाच्या रकान्यात बिनधास्त लिहिता येईल अशी चौकट ही. सत्तरी अठराव्या शतकात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि नव्या काबिजादीत (पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या मुलखात) धरली गेली. राणे इथले वतनदार, मोकासदार (इनामी जमिनींचे धनी). २६ जानेवारी १८५२ रोजी दिपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेऊन बंड उभारले. ते १८५५ पर्यंत चालले आणि शेवटी पोर्तुगीजांना त्यांच्याशी तडजोड करावी लागली. १८६९ ते १८७१ हा काळ कुष्टोबा राणे यांच्या बंडाचा. सप्टेंबर १८९५ मध्ये पणजीतल्या मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार दिला, शस्त्रांसह निघाले आणि नाणूसला आले. दादा राणे यांच्या नेतृत्वाखाली त्यातून मोठा उठाव झाला. तो मोडायला पोर्तुगालहून फौज आली आणि तिच्याबरोबर खुद्द राजाचा भाऊ आफोन्सो आला. १८९७ पर्यंत ते प्रकरण धुमसत होते. शेवटचा उठाव १९१२ चा.

यापुढचे तपशील, म्हणजे कोण कुठल्या गुहेत लपला, कुठल्या झाडाखाली फितुरी झाली, खजिना कुठे पुरला, हे जवळजवळ सगळे दुसऱ्या रकान्यातले असते. ते गाळायचे नाही. ‘गावात असे सांगतात’ हे शब्द लावून लिहायचे. कुष्टोबाबद्दल तर लोकांच्या तोंडी इतके काही आहे की कागद त्यापुढे तोकडे पडतात. तो भागही गावाच्या आठवणीचा इतिहास आहे, फक्त तारखेच्या वाक्यात मिसळू नका.

कागद शोधायला पणजीचे पुराभिलेख खाते आणि पाट्टोवरचे कृष्णदास शामा राज्य केंद्रीय ग्रंथालय या दोन जागा. सरकारी गॅझेट, म्हणजे ‘बोलेतिम’, १८३७ पासून छापले जाई. गव्हर्नरचे हुकूम आणि जाहीरनामे त्यात आढळतात. शोधताना अडते ते स्पेलिंगवर. राणे हे नाव शेवटी ‘एस’ लावून लिहिलेले असते, नाणूसच्या शेवटी ‘झेड’ असतो, वाळपई आणि सत्तरी यांच्या शेवटी ‘वाय’ असतो आणि कुष्टोबा ‘सी’ पासून सुरू होतो. हे माहीत नसेल तर सूचीत नाव नाही म्हणून माणूस हात हलवत परत येतो. पोर्तुगीज वाचणारा जाणकार सोबत घ्या. मोडीतले मराठी कागद निघाले तर मोडीवालाही लागेल. जाण्याआधी साल आणि महिना ठरवा. ‘राण्यांबद्दल जे असेल ते द्या’ अशी मागणी केली तर हाती काही लागत नाही.

त्या कागदांत बंडवाल्यांना दरोडेखोर म्हटलेले असते आणि गावात ते वीर असतात. फलकावर एकाच बाजूची भाषा उचलू नका. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध हत्यार उचलणारे हेच लोक आपल्या मुलखात जमिनीचे धनी होते आणि त्यांच्या जमिनी कसणारी कुळेही याच गावांत होती. मोकाशाच्या जमिनीचा प्रश्न सत्तरीत आजही जिवंत आहे. वाटेवर चालणाऱ्यांत दोन्हीकडची घरे असतील, तेव्हा कोणाचे मन राखण्यासाठी वाक्य वाकवू नका आणि कोणाला डिवचण्यासाठीही लिहू नका. काय झाले, केव्हा, कुठे आणि आपल्याला ते कशावरून कळते, एवढे लिहिले की पुरे.

म्हाताऱ्या माणसांकडे जाल तेव्हा पहिला प्रश्न गोष्टीचा नको, जागेचा विचारा. ‘आजो, पूर्वी घाटावर कुठल्या वाटेने जायचे?’, ‘पावसात नदी कुठे उतरायचे?’, ‘होडी कोणाची होती?’ असे विचारले की माणूस आठवून सांगतो. ‘बंडाची गोष्ट सांगा’ म्हटले की तो आधी कुठेतरी ऐकलेले भाषण सांगतो. आवाज मोबाइलवर टिपायला परवानगी घ्या. एकच गोष्ट दोन वेगळ्या वाड्यांवर, वेगवेगळ्या दिवशी विचारा. जी जागा दोघेही आपणहून सांगतात ती बघायला जा.

जमिनीच्या रकान्यात दोन चुका हमखास होतात. सत्तरीत देवळांजवळ वीरगळ आणि सतीचे दगड पुष्कळ आहेत, आणि त्यांवर तलवारवाला दिसला की लोक त्याला राण्यांचा शिपाई ठरवून टाकतात. हे दगड बहुतेक मध्ययुगातले, बंडाच्या कित्येक शतके आधीचे. दुसरी चूक म्हणजे चिऱ्याची कोणतीही पडकी भिंत किल्ल्याची समजणे. ती एखाद्या कुळागराची (पोफळी-नारळाच्या बागेची) किंवा घराचीही असू शकते. नाणूसच्या किल्ल्याचे आज फार थोडे उरले आहे आणि ते तसेच सांगावे. मोठा बुरूज बघायला मिळेल या आशेने आलेला माणूस निराश होऊन परततो. नदीचे वळण, उंचवटा आणि येणाऱ्या वाटा यांवर किल्ला कशी नजर ठेवून होता हे दाखवले तर तोच माणूस अर्धा तास हलत नाही.

वाट ठरवणे

नकाशा घरी बसून काढू नका. एकाच वाटेवर तीन वेळा चाला : ऑगस्टमध्ये, डिसेंबरमध्ये आणि एप्रिलमध्ये. वाळपईला वर्षाला साधारण ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. डिसेंबरात जी सपाट, मोहक जागा दिसते ती ऑगस्टात पाण्याखाली असते. पुराची रेषा ओळखायला काठच्या झाडांकडे बघा. फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, प्लॅस्टिक आणि वाळलेले गवत जिथपर्यंत दिसते तिथपर्यंत पाणी आलेले असते. थांबा आणि फलक त्याच्या निदान एक मीटर वर घ्या.

लांबी साडेतीन किलोमीटरांपुढे नको. थांबे धरून तासाला सव्वा ते दीड किलोमीटर एवढीच चाल होते, म्हणजे अडीच-तीन तास लागतात. यापुढे ताणले तर शेवटच्या दोन थांब्यांवर कोणी ऐकत नाही. शक्यतो वाट गोल असावी. तसे जमत नसेल तर परतीची वाट कुळागरातून किंवा शेताच्या बांधावरून घ्या. पावसाळा संपल्यावर नदीलगत पुरण शेती होते. त्या पाटांवरून आणि वाफ्यांतून माणसे नेऊ नका. एका गटाच्या पायांनी पाट फुटला की तो शेतकरी पुन्हा परवानगी देत नाही, आणि त्याचे बरोबरच असते.

परवानग्यांच्या बाबतीत क्रम चुकवू नका. आधी जमीन कोणाची ते बघा : खाजगी, देवस्थानाची, सरकारी की वनखात्याची. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर. गावचा नदीकाठ त्याच्या हद्दीत येतो का, हे वाळपईच्या वनखात्याच्या कार्यालयात नकाशावर दाखवून घ्या. हद्दीत येत असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे प्रवेशाला लेखी परवानगी लागते. गटागणिक लागेल की हंगामापुरती एकदाच, तेही तिथेच विचारा. मग जमीनमालकाचे पत्र, मग पंचायतीचा ना-हरकत दाखला. किल्ल्याच्या किंवा जुन्या देवळाच्या जागेसाठी पुरातत्त्व खात्याला कळवा. तिथे खड्डा, खिळा, सिमेंट काहीही नको. वाट देवराईतून जात असेल तर गावकरांना आणि देवस्थान समितीला आधी भेटा. चपला कुठे काढायच्या, कुठून पुढे जायचे नाही, कोणत्या दिवशी जायचे नाही हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या आणि जसेच्या तसे पाळा. या देवराया राहिल्या त्या या नियमांमुळेच.

काय दाखवायचे आणि ते कसे ओळखायचे

जनावर दिसेलच असे कधीही सांगू नका. खुणा मात्र जवळजवळ दर खेपेला दाखवता येतात, आणि खूण वाचायला शिकलेला मुलगा पुढे आपणहून रानात डोळे उघडे ठेवून फिरतो. म्हणून वाटाड्याने सर्वांत जास्त सराव खुणांचा करावा.

पाणमांजरापासून सुरुवात करा. नदीकाठच्या वाटेवर त्याच्याइतका हुकमी विषय नाही. पात्रातले सपाट खडक, वाळूचे दांडे, दोन ओढ्यांचा संगम अशा जागी ते पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी विष्ठा टाकते. ताजी असताना काळसर आणि चिकट, वाळली की करडी आणि भुगा होणारी. काडीने फोडून बघा. माशांचे खवले आणि बारीक काटे भरपूर असतील आणि वास मासळीचा असेल तर पाणमांजर. खेकड्याच्या कवचाचे तुकडेच तुकडे असतील तर लहान नख्यांचे पाणमांजर असण्याची शक्यता जास्त, ते वरच्या अंगाच्या ओढ्यांवर राहते. हात लावू नका. पावलाला पाच बोटे उमटतात आणि ओल्या मातीत बोटांमधला पडदाही दिसतो. कुत्र्याच्या पावलाला चारच बोटे.

मांजरकुळातल्या पावलांत नखे उमटत नाहीत, मागच्या गादीला मागून तीन फुगवटे असतात आणि ठसा गोलसर दिसतो. कुत्र्याचा ठसा लांबट, पुढे नखांच्या खुणा. बिबट्याचा ठसा सात ते नऊ सेंटिमीटर रुंद. अकरा-बाराच्या पुढे गेला तर फोटो काढून वनखात्याला कळवा आणि गोष्ट तिथेच थांबवा. फोटोत माप हवे. जवळ पट्टी नसेल तर दहा रुपयांचे नाणे ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. फोटो सरळ वरून काढा. तिरका काढला तर माप चुकते आणि बिबट्याचा वाघ होतो.

वाघ, बिबट्या, अस्वल यांच्या जागा फलकावर, नकाशावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायच्या नाहीत. जानेवारी २०२० मध्ये याच तालुक्यात गोळावलीच्या परिसरात चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले. जनावराची जागा कोणाच्या हातात पडेल हे सांगता येत नाही. गुरे मारली गेलेल्या माणसाचा राग खरा असतो, नुकसानभरपाईचा अर्ज कुठे करायचा हे त्याला सांगता येणे हेही वाटाड्याचेच काम.

पक्ष्यांसाठी नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून पावणेसातला वाट सुरू करा. नऊनंतर पक्षी गप्प होतात आणि माणसांना भूक लागते. पाण्यावर छोटा खंड्या, घोंगी खंड्या, पाणकावळा, वंचक. वाळूवर तुतवार आणि धोबी. सावलीच्या ओढ्यावर शीळकरी कस्तुर, तो पहाटे माणसाने शीळ घालावी तसा गातो आणि दिसण्याआधी ऐकू येतो. पानगळीवर नवरंग. धनेशासाठी जंगलभर हिंडू नका, फळांवर आलेला वड, उंबर किंवा काजरा गाठा आणि वीस मिनिटे स्वस्थ उभे राहा. त्याच्या पंखांचा आवाज लांबूनच येतो. फेब्रुवारीपासून धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला भरवतो. माणसे जवळ उभी असतील तर तो चोचीत फळ घेऊन तसाच परत जातो आणि आत उपास पडतो. ढोलीचे झाड वाटेत येत असेल तर त्या महिन्यांत वाटच बदला. तिबोटी खंड्या पावसाळ्यात मातीच्या कडेत घरटे करतो, त्यालाही तोच नियम.

दुर्बीण ८×४२ (आठ पट, ४२ मिलिमीटरचे भिंग) घ्या. जास्त पटीची घेतली तर हात हलतो आणि झाडीच्या अंधारात चित्र काळपट दिसते. लावायची पद्धत वाटेवर निघण्याआधी प्रत्येकाला शिकवा. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचे रबर आत दाबावे, बाकीच्यांनी बाहेर काढावे. उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट करावी. मग डावी बाजू झाकून उजव्या भिंगाजवळचे कडे फिरवून तीच पाटी स्पष्ट करावी. पुढे फक्त मधले चाक फिरवायचे. हे केले नाही तर डोके दुखते आणि मुले दुर्बीण परत देतात.

खालच्या अंगाच्या गावांसाठी एक वेगळी सूचना. म्हादईत भरती-ओहोटी गांजेपर्यंत जाणवते. त्याखालच्या गावांत वाट आखाल तर ओहोटीच्या आधी-नंतरचे दोन-दोन तास धरा, कारण चिखलाचे काठ तेव्हाच उघडे पडतात. पणजीच्या वेळा तशाच धरू नका, वर जावे तशी भरती उशिरा पोचते. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ‘दर रविवारी सातला’ असा कायमचा कार्यक्रम तिथे चालत नाही. कुंभारजुव्याच्या कालव्याच्या भागात मगरी आहेत. तिथे पाण्याच्या कडेला बसणे, पाय धुणे, मुलांना उतरू देणे पूर्ण बंद.

धोके

सत्तरीत माकडतापाची साथ २०१५ पासून माहीत आहे. तो गोचिडीतून पसरतो आणि धोका कोरड्या महिन्यांत, मुख्यतः जानेवारी ते मे या काळात असतो. लांब बाह्यांचा सदरा, पँट मोज्यांत खोचलेली, निघण्याआधी आरोग्य खात्याकडे मिळणारे, गोचिडी दूर ठेवणारे डेपा तेल. पाचोळ्यावर बसायचे नाही. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागे तपासणी. मेलेले माकड दिसले तर गट तिथूनच मागे फिरवा, जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो, म्हणून प्रत्येकाला सांगून ठेवा : पुढच्या दहा दिवसांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना सत्तरीच्या रानात गेलो होतो हे आपणहून सांगा.

गवा दिसला तर पन्नास मीटर अंतर ही कमीत कमी मर्यादा. तो आणि झाडी यांच्या मध्ये उभे राहू नका, त्याची पळायची वाट मोकळी ठेवा. एकटा नर कळपापेक्षा जास्त बेभरवशाचा. त्याने फुत्कारून आडवे अंग दाखवले की बोलणे थांबवून हळूहळू मागे या. साप चावला तर बांधू नका, कापू नका, अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. रेंज कुठे मिळते ती जागा आधीच शोधून वाटाड्यांच्या नकाशावर खूण करून ठेवा. गटात बारापेक्षा जास्त माणसे नकोत. एक वाटाड्या पुढे, एक शेवटी, आणि शेवटच्याने कोणालाही मागे राहू द्यायचे नाही.

फलक

फ्लेक्स लावू नका, एका पावसाळ्यात फाटतो. लाकडाला वाळवी लागते. पातळ एसीपीचे (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक असलेल्या पाटीचे) थर दोन-तीन वर्षांत कडेने सुटतात. दोन मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर यूव्ही छपाई आणि वर पारदर्शक लेप, हे महाग पडते पण टिकते. आकार ६० × ४५ सेंटिमीटर पुरे. खालची कड जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटर, पत्रा तीस-पस्तीस अंशांत कललेला, म्हणजे मुलांनाही वाचता येतो आणि समोरचा देखावा झाकत नाही. खांबांसाठी ३० × ३० सेंटिमीटरचा, ६० सेंटिमीटर खोल खड्डा. झाडाला खिळा कधीही नाही. लाल रंग उन्हात सर्वांत आधी उडतो, म्हणून तारखा आणि सूचना लाल अक्षरांत छापू नका. वाचणाऱ्याचे तोंड दाखवायच्या जागेकडे होईल अशाच दिशेने फलक उभा करा.

मजकूर ऐंशी-नव्वद शब्दांच्या आत. मुख्य अक्षर निदान आठ मिलिमीटर उंच, आणि ओळींमध्ये अंतर मोकळे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. छापखान्यात जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार दुसऱ्या अक्षरावर जातो, ‘ऱ्या’ फुटतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते. अंतिम फाइल अक्षरे आकृतीत बदलून पीडीएफमध्ये द्या आणि पत्र्यावर छापण्याआधी खऱ्या मापाचा कागदी नमुना काढून गावातल्या तिघांना मोठ्याने वाचायला लावा. जिथे ते अडखळतात तिथे वाक्य लांब आहे.

नाणूसच्या बाजूच्या थांब्यासाठी मजकूर असा असू शकतो :

‘समोरचे वळण बघा. पावसाळ्यात नदी फुगली की पलीकडच्या काठाशी संबंध तुटतो. २६ जानेवारी १८५२ रोजी दिपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि बंड सुरू झाले. ते १८५५ पर्यंत चालले. १८९५ मध्ये पणजीहून निघालेले मराठा शिपाईही इथेच आले. आता खालच्या सपाट खडकाकडे बघा. माशांचे खवले असलेली काळसर विष्ठा दिसली तर रात्री पाणमांजर येऊन गेले आहे. खडकावर जाऊ नका.’

यात कौतुकाचे विशेषण एकही नाही. पराक्रमी, घनदाट, निसर्गरम्य हे शब्द फलकावर जागा खातात आणि काही दाखवत नाहीत.

हंगाम संपल्यावर

मे संपायच्या आत पत्रे काढून वाळपईत किंवा पंचायतीच्या खोलीत कोरडे ठेवा, खांब तसेच राहू द्या. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले असतील तरच ते निघतात. साधे गंजून बसतात आणि कापावे लागतात. ऑक्टोबरअखेर परत लावताना पत्र्याच्या मागे गांधीलमाश्यांचे पोळे आहे का ते लांब काठीने तपासा. वाट पुन्हा एकदा सगळी चाला, कारण पुरानंतर काठ कुठे ढासळला आणि वाळूचा दांडा कुठे सरकला हे दरवर्षी बदलते. पाणमांजराचा खडकही बदललेला असू शकतो.

वाटाड्यांकडे नोंदवही ठेवा. तारीख, वेळ, माणसे किती, काय दिसले, कोणत्या खुणा मिळाल्या, आणि कोणी फलकावरच्या इतिहासाबद्दल काय हरकत घेतली. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या संकेतस्थळावर चढवा, घरट्यांच्या जागा वगळून. हरकती वर्षातून एकदा तीन रकान्यांच्या वहीशी ताडून बघा. एखाद्या घरातून जुना कागद निघाला तर त्याचा फोटो काढून मूळ कागद लगेच परत करा आणि फोटो पुराभिलेखात दाखवा. मजकूर बदलायचा ठरला तर जुन्या पत्र्यावर पट्टी चिकटवू नका, ती पहिल्याच पावसात सुटते. नवा पत्रा छापायचा खर्च पहिल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात धरून ठेवा.